कालकथित अलकनंदा

मयूर विहार, दिल्ली
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय दीपमाला,

रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात मी वारले. वेळ अचूक आहे. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि ते चक्क बरोबर चालत होतं. मी सहाव्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. अंगावर राखाडी रेशमी साडी, वर जांभळी शाल, मांडीवर तुझं नवं पुस्तक, आणि तोंडात आयोजक मंडळाने वाटलेली नारळाची वडी. वडी बरी होती, साखर जरा जास्त.

घाबरू नकोस. हे पत्र कुणा भुताने लिहिलेलं नाही. पुरावा सोबत जोडला आहे, माझ्या हयातीच्या दाखल्याची प्रत. तुलाही पेन्शन आहे, तेव्हा दर नोव्हेंबरला आपण जिवंत असल्याचं सरकारला पटवून द्यावं लागतं हे तुला सांगायला नको. मी बुधवारी, बारा तारखेला बँकेत जाऊन आले. काउंटरवरच्या बाईने माझं बोट त्या यंत्रावर तीनदा दाबलं. तिन्ही वेळा यंत्राने मला ओळखायला नकार दिला. ती म्हणाली, मैडम, आपकी लकीरें घिस गई हैं. तुझी आठवण झाली. झीज हा तुझा विषय. चौथ्या वेळी यंत्राला माझी दया आली. म्हणजे बुधवारी भारत सरकारच्या लेखी मी होते आणि रविवारी तुझ्या लेखी नव्हते. दोघांपैकी एकाचं चुकलं आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते सरकार नाही.

कार्यक्रमाची बातमी मला तनयाने दिली. ही माझ्या भावाची, सुधन्वाची मुलगी. आपण करोल बागेत राहत होतो तेव्हा ती जन्मलीही नव्हती. नोएडात नोकरी करते, रविवारी माझ्याकडे जेवायला येते, आणि मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला अडखळते. तिने फोनवर निमंत्रणपत्रिका पाठवली आणि खाली लिहिलं, आत्या, ये अबोला क्या होता है. पत्रिकेवर पुस्तकाचं नाव होतं ‘खडकांचा अबोला’ आणि खाली ‘डॉ. दीपमाला खोब्रागडे, नागपूर’. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, मग तनयाला फोन केला आणि सांगितलं, दोन माणसं एकाच घरात राहतात, एकाच डब्यातल्या पोळ्या खातात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, त्याला अबोला म्हणतात. ती म्हणाली, अच्छा, म्हणजे भांडण. मी म्हटलं, भांडण संपल्यावर जे उरतं ते. ती म्हणाली, तो बोल क्यों नहीं लेते? दिल्लीत वाढलेली मुलं असे प्रश्न विचारतात. मी तिला म्हटलं, रविवारी जेवायला येऊ नकोस, मला बाहेर जायचं आहे.

गेले ती भांडायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. चौतीस वर्षांपूर्वी परिभाषा समितीच्या टेबलावर तू ज्या शब्दाला टाकून उठलीस, तोच शब्द आता पुस्तकाच्या कपाळावर. मी सभागृहाच्या दारात पुस्तक विकत घेतलं आणि उभ्या उभ्या ऋणनिर्देशाचं पान उघडलं. तिथे पहिलंच वाक्य होतं, ‘अबोला हा शब्द कालकथित अलकनंदा बर्वे यांचा आहे.’

कालकथित. दीपमाला, मी शब्दांवर पस्तीस वर्षं नोकरी केली. हा शब्द मला माहीत नव्हता. काळाविषयीचं पुस्तक, त्यात माझ्या नावाआधी हे विशेषण. मला वाटलं, तू माझ्यासाठी खास घडवलंस. काळाने जिची गोष्ट सांगितली ती. मी त्या ओळीवरून बोट फिरवलं. आणलेली सगळी भांडणं त्या एका शब्दाने पर्समध्ये परत गेली. जाऊन बसले. वडी घेतली. मनात ठरवलं की कार्यक्रम संपला की स्टेजजवळ जायचं आणि काहीतरी तिरकं बोलायचं, म्हणजे तुला कळेल की मी विरघळले आहे.

मग तू माइकपाशी आलीस. केस पूर्ण पांढरे, चालताना डावा गुडघा जपतेस, आवाज मात्र तोच, जो करोल बागेच्या गच्चीवरून खालच्या भाजीवाल्याला थांबवायचा. तू सांगितलंस, हा शब्द माझ्या मैत्रिणीचा. तिच्याशी बोलायचं राहून गेलं. कोविडच्या दिवसांत तिचा नंबर शोधून फोन केला, तर तिच्या घरी काम करणाऱ्या बाईने सांगितलं, मैडम अब नहीं रहीं. सूत्रसंचालक लगबगीने पुढे आले आणि म्हणाले, कालकथित अलकनंदाताईंच्या स्मृतीस आपण एक मिनिट उभं राहून आदरांजली वाहू या. माझ्या शेजारी वर्ध्याचे एक गृहस्थ होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना मी उठता उठता हळूच विचारलं, कालकथित म्हणजे? ते म्हणाले, तुमच्याकडे कैलासवासी म्हणतात ना ताई, तसं आमच्याकडे कालकथित.

तर मी उभी राहिले. काय करणार? सगळं सभागृह उभं होतं. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला बसावं कसं, शिंकावं कसं, सूप पिताना चमचा कुठल्या बाजूने उचलावा हे सगळं शिकवलं होतं. आपल्याच आदरांजलीला उभं राहिल्यावर हात कुठे ठेवायचे हे त्यांनी शिकवलं नाही. मी ते पुस्तकावर ठेवले. आणि तुझ्याकडे पाहत राहिले, कारण तुझे डोळे मिटलेले होते. चौतीस वर्षांत मला तुझ्याकडे इतका वेळ पाहता आलं नव्हतं. तू डोळे मिटून उभी होतीस आणि तुझे ओठ हलत होते.

फोन उचलणाऱ्या त्या कामवालीबद्दल मला काही सांगायचं आहे, पण ते सर्वांत शेवटी. आधी तुझे गुन्हे.

करोल बाग आठवते? म्हणजे आठवतेच, तू पुस्तकात आपल्या बरसातीवर, गच्चीवरच्या त्या खोलीवर, दीड पान लिहिलं आहेस आणि तिच्या पायऱ्या बेचाळीस लिहिल्या आहेस. त्या अडतीस होत्या. १९८४च्या जूनमध्ये मी जबलपूरहून आले, अनुवादक म्हणून, इंग्रजी फर्डं आणि मराठी आईच्या स्वयंपाकघरापुरतं. तू चंद्रपूरहून, भूशास्त्राची पदवी आणि एक हातोडा घेऊन. परिभाषेच्या त्या सरकारी कार्यालयात आपल्या दोघींनाच राहायला जागा मिळत नव्हती, म्हणून एकत्र शोधायला लागलो. चार घरमालकांनी आपली आडनावं विचारली आणि मग त्यांचे भाचे अचानक गावाहून राहायला यायचे निघाले. पाचवी माताजी. तिने आडनाव विचारलं नाही. एवढंच म्हणाली, मीट पकाओगी तो मुझे भी देना. तू पहिल्या रविवारी तिला वाडगाभर दिलंस आणि मी, जिच्या घरात अंडं आणलं तर आई आंघोळ करायची, त्याच पातेल्यातला रस्सा भाताशी खाल्ला. तू मला त्या दिवसापासून कॉन्व्हेंट म्हणायला लागलीस. काय गं कॉन्व्हेंट, झोंबला का? झोंबला होता. मी कबूल केलं नाही.

रविवारी दुपारी आपण हिंदूरावला जायचो. लोक तिथे दवाखान्यात जातात. आपण त्याच्या मागे, रिजच्या खडकाळ टेकडीवर, त्या अशोकाच्या खांबापर्यंत. तू खांबापाशी काही न बोलता थोडा वेळ उभी राहायचीस, मी तेवढ्यात भुईमुगाच्या शेंगा घ्यायची, मग दोघी एका सपाट खडकावर बसायचो. त्या खडकावर मी जेवढं शिकले तेवढं नन्सकडे बारा वर्षांत शिकले नाही. मला शाळेत सांगितलं होतं की जग सहा दिवसांत झालं, आणि घरी आजोबांनी चार युगं शिकवली होती, प्रत्येक आधीच्याहून बरोबर इतक्या लाखांनी कमी. तू दोन्ही शांतपणे ऐकलंस आणि म्हणालीस, तुझ्याकडे काळ फार शिस्तीत वागतो गं. आमच्याकडे तसा वागत नाही.

मग सांगितलंस. पृथ्वीच्या काळाचे तुकडे कॅलेंडरसारखे सारखे पाडत नाहीत. एक तुकडा आठ कोटी वर्षांचा असेल, आणि आपण ज्यात बसलोय तो पुरता बारा हजार वर्षांचाही नाही. दगडात पाहायचं. जिथे एखादा प्राणी पहिल्यांदा दिसतो, जिथे नेहमीचे जीव एकदम दिसेनासे होतात, तिथे रेघ ओढायची. मोठे कप्पे, त्यांत लहान, त्यांत आणखी लहान. महाकल्प, कल्प, युग. नावं डोंगरांची, परगण्यांची, कुठल्या तरी रशियन गावाची. आणि मग तो खिळा. प्रत्येक युगासाठी जगात एक जागा निवडायची, तिथल्या एका थराच्या तळाशी सोनेरी खिळा ठोकायचा, आणि सगळ्या देशांनी मान्य करायचं की हे इथून सुरू. मी विचारलं, आणि संपतं कुठे? तू शेंग फोडत म्हणालीस, शेवटाला खिळा नसतो. शेवट कुणी ठरवत नाही. पुढचं सुरू झालं की आधीचं संपलं.

मला ते अजिबात पटलं नव्हतं. आता पटतं.

आणि १२ फेब्रुवारी १९८९. तू खडकावर हात ठेवून म्हणालीस, हा दीडशे कोटी वर्षांचा, दहापाच कोटी इकडेतिकडे. मग उतारावरची माती दाखवलीस, यमुनेने आणलेली, तुझ्या हिशेबात कालपरवाची. ती त्या खडकावर थेट बसली आहे. मधलं काही नाही. मी विचारलं, मधल्या काळात काही झालंच नाही का? तू म्हणालीस, सगळं झालं. डोंगर उभे राहिले असतील, नद्या वाहिल्या असतील. पण जे साचलं ते झिजून गेलं. आता हे दोघं एकमेकांना चिकटून आहेत आणि मध्ये काय होतं याबद्दल दोघंही गप्प. याला आपल्या परिभाषेच्या यादीत विसंगती असा शब्द आहे. मी म्हटलं, विसंगती माणसाच्या बोलण्यात असते, ही माणसं बोलतच नाहीत. हा अबोला आहे. तू इतकी हसलीस की शेंगांची पुडी उतारावरून गेली. मग एकदम गंभीर झालीस, वही काढलीस आणि लिहिलंस, ‘अबोला. कॉन्व्हेंट, हिंदूराव.’ तारीख घातलीस. तुझी सवय, कुठल्याही दगडाला सापडल्याची जागा आणि तारीख लावल्याशिवाय पिशवीत टाकायचा नाही.

आता खिळ्याची जागा. शुक्रवार, २९ नोव्हेंबर १९९१, दुपारी साडेतीन, कार्यालयाचा दुसरा मजला, परिभाषा समितीची बैठक. अध्यक्ष अण्णासाहेब, निवृत्त प्राध्यापक, ज्यांच्यासाठी शिपाई खास पुणेरी चहा करायचा आणि तो त्यांना कधी आवडायचा नाही. तुझी यादी टेबलावर. ते एकेक शब्द वाचत आले आणि तिथे थांबले. चष्मा काढला. म्हणाले, हे भूशास्त्र आहे की सासूसुनांचं घर? सगळे हसले. मग तुझ्याकडे बघून म्हणाले, बाई, हा शब्द तुमच्या घरात चालत असेल, ग्रंथात चालायचा नाही. तू म्हणालीस, ठीक आहे सर, विसंगती राहू द्या. एवढंच. एक वाक्य भांडली नाहीस. आणि फाइल बंद करताना ते म्हणाले, नाहीतरी आता तुम्ही नागपूरला चाललात, तिकडे वापरा तुमचा शब्द. बदलीचा अर्ज तू ऑगस्टमध्ये केला होतास. मला ते एकोणतीस नोव्हेंबरला कळलं, अण्णासाहेबांकडून, बावीस माणसांच्या देखत.

त्यानंतरचे पाच दिवस तुझ्या पुस्तकात नाहीत. मी ते पान दोनदा शोधलं. तू सकाळी दोन कप चहा करायचीस, मी माझा प्यायची. अबोल्याचे नियम मला आईकडून पाठ होते. खायचं, प्यायचं, कपडे वाळत घालताना दुसरीचेही घालायचे, बोलायचं मात्र तिसऱ्याशी. मी जिन्यात उभी राहून माताजींना सांगायची, इनसे कहिए दूध फट गया है. तू आतून सांगायचीस, माताजी, उनसे कहिए पनीर बना लें. तिसऱ्या दिवशी माताजी गुडघे चोळत म्हणाली, कुड़ियो, मेरे गोड्डे दुखते हैं, तुम्हारी चिट्ठियाँ नहीं ढोऊँगी. चार डिसेंबरला तू गेलीस. मी स्टेशनवर आले नाही. मी कार्यालयातही गेले नाही. मी हिंदूरावच्या खडकावर बसले होते, तुझी गाडी सुटायच्या वेळेपासून अंधार पडेपर्यंत, आणि शेंगा घेतल्या नव्हत्या. परत आले तर स्वयंपाकाच्या ओट्यावर तू रिजवरच्या दगडाचा एक तुकडा ठेवला होतास. त्याला चिठ्ठी नव्हती. जागा नाही, तारीख नाही. तुझ्यासारख्या बाईने बिनचिठ्ठीचा दगड ठेवावा याचा अर्थ लावत मी कित्येक वर्षं काढली. तो अजून आहे. मी त्याने आलं ठेचते. दीडशे कोटी वर्षांचा आहे, चहा चांगला होतो.

नंतर मी मयूर विहारला घर घेतलं. लग्न केलं नाही, हे तू विचारलं नाहीस तरी सांगते. तू केलंस, हेही मला कळलं, आणि तुझा नवरा सुगत गेल्याचंही. तेव्हा मी पत्र लिहिलं होतं. ते माझ्या कपाटात आहे. आणि दीपमाला, पेपरात तुझ्या विषयातलं काही आलं की मी अजून टेलिफोनकडे बघते. २०१८ साली आलं होतं की आताच्या काळाच्या सगळ्यात धाकट्या तुकड्याला मेघालयचं नाव दिलं. बेचाळीसशे वर्षांपूर्वी जगभर दुष्काळ पडला, त्याची खूण तिथल्या एका गुहेतल्या दगडात मिळाली. आपल्या मेघालयातल्या. ते मी कुणाला सांगणार होते? तनयाला सांगितलं, ती म्हणाली, वाह, आणि फोनमध्ये डोकं घातलं. गेल्या वर्षी माणसाच्या नावाचं नवीन युग जाहीर करायचा प्रस्ताव तुझ्या लोकांनी मतदान करून फेटाळला. मी दिवसभर घरात एकटीच वाद घालत होते, तुझ्या बाजूनेही मीच बोलत होते. तुझी बाजू जास्त चांगली झाली. अशी सात-आठ कात्रणं आहेत. प्रत्येकावर तारीख आहे.

इथवर तुझे गुन्हे. आता दुसरी बाजू, कारण नन्सनी तेवढं मात्र शिकवलं होतं.

अबोला हा शब्द माझा होता. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी यादी टंकायला देताना मीच तुला म्हटलं, हा तुझ्या नावावर दे, माझ्या नावावर दिला तर म्हणतील अनुवादक बाईला काय कळतं. मला हसतील याची भीती होती. तू काही न विचारता सही केलीस. आणि अण्णासाहेब हसले तेव्हा मी कुठे होते? भिंतीपाशी, इतिवृत्ताची वही घेऊन. ‘तुमच्या घरात’ हे ते कुणाच्या घराबद्दल म्हणाले ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. तुझ्याआधी तुझ्या समाजाचं कुणी त्या टेबलाशी बसलं नव्हतं, आणि तुझ्या प्रत्येक शब्दाला तीन-तीन पुरावे मागितले जायचे, हे मी आठवड्याच्या आठवड्याला लिहून घेत होते. मी उठून एवढंच म्हणायचं होतं, सर, हा शब्द आमच्या घरचा आहे, बर्व्यांच्या. ते हसले नसते. त्यांनी शब्दाची व्युत्पत्ती विचारली असती. मी वहीत लिहिलं, ‘विसंगती, एकमताने मान्य.’ ते वाक्य माझ्या हस्ताक्षरात सरकारी दप्तरात आहे. तू का भांडली नाहीस हे मला समजायला पंधरा वर्षं लागली. आणि बदलीचं का सांगितलं नाहीस हे समजायला त्याहून जास्त. मी तुला जाऊ दिलं नसतं. तुला ते माहीत होतं.

आता ती कामवाली. मे २०२१. मी इस्पितळातून घरी येऊन तीन दिवस झाले होते. घसा असा की आपलाच आवाज परका वाटावा. दुपारी टेलिफोन वाजला. पलीकडून चंद्रपूरच्या हिंदीत कुणीतरी विचारलं, अलकनंदाजी से बात हो सकती है क्या? मी पहिल्या शब्दाला ओळखलं. तीस वर्षांनी तू बोललीस, आणि तेही मी मेले का हे पाहायला, असं माझ्या मनात आलं. माझ्या मनात असंच येतं. मी हिंदीत म्हटलं, मैडम अब यहाँ नहीं रहतीं. राहत नाहीत, एवढंच. जा, शोध कुठे राहतात ते. पण मध्येच खोकला आला आणि वाक्य तुटलं. तू बराच वेळ काही बोलली नाहीस. मग अच्छा म्हणालीस आणि ठेवलंस. मला वाटलं, रागावलीस. मला बरंही वाटलं. साडेचार वर्षं मी त्या रागावर जगले. परवा सभागृहात कळलं की तुला काय ऐकू गेलं. नहीं रहतीं आणि नहीं रहीं. दोन शब्दांत एका अक्षराचं अंतर, आणि ते आधीच्या ‘यहाँ’सकट माझ्या खोकल्यात झिजून गेलं. तरीही म्हणते, तू शास्त्रज्ञ ना? एका फोनवर, एका साक्षीवर, दुसरा पुरावा न बघता माणूस मारून टाकतेस? समितीत तीन-तीन पुरावे देणारी बाई तू.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजजवळ आले नाही. मागच्या दाराने निघाले, मेट्रोने घरी आले आणि पुस्तक एका बैठकीत वाचलं. छान आहे. पान ७१ वर ‘कालावधी’ चुकीचा छापलाय. वाचून झाल्यावर मी खूप वेळ विचार केला की मेलेलंच राहावं. जिवंत होते तोवर मला तुझ्याकडून बिनचिठ्ठीचा दगड मिळाला. मेल्यावर एक शब्द मिळाला, पहिलं वाक्य मिळालं, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी मिळालं. सहाव्या रांगेतून मला ते स्पष्ट दिसलं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. उठून मी जिवंत आहे असं ओरडले असते तर ते सगळं परत द्यावं लागलं असतं, आणि तू कदाचित पुन्हा गप्प झाली असतीस. म्हणून मी पुस्तकावर हात ठेवून आपल्याच नावाने उभी राहिले. पण दोन दिवस झाले, एक गोष्ट सुटत नाही. त्या एका मिनिटात सगळं सभागृह गप्प होतं आणि तुझे ओठ हलत होते. प्रार्थना तू करत नाहीस, अशोकाच्या खांबापाशीही कधी केली नाहीस. तू माझ्याशी बोलत होतीस. चौतीस वर्षांनी तू माझ्याशी बोललीस आणि मला ऐकू आलं नाही. हे पत्र मी पुढच्या आवृत्तीतल्या दुरुस्तीसाठी लिहिलेलं नाही, तो कालकथित तसाच राहू दे, मला तो आवडला आहे. हयातीचा दाखला द्यायची सरकारी मुदत तीस नोव्हेंबर आहे. तीसला रविवार आहे, टपाल येत नाही. म्हणून शनिवार, २९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत वरच्या पत्त्यावर पोहोचेल असं लेखी उत्तर पाठव. तारीख तुझ्या लक्षात असेलच. फोन करू नकोस, या घरातली कामवाली भरवशाची नाही. उत्तरात बाकी काही नको. त्या मिनिटात तू मला काय म्हणालीस, तेवढं शब्दशः लिही, आणि खाली जागा आणि तारीख घाल.

तुझीच, आणि दाखल्याप्रमाणे हयात,
कॉन्व्हेंट